रीस्टार्ट केला की चालतो, मग पुन्हा बसतो: सिरियल लिंकवरचा तोच तो बिघाड शोधायचा कसा?

‘राउटर पुन्हा गेला’ असा दूरच्या केंद्रावरून फोन आला की बहुतेक ठिकाणी ठरलेला उपाय होतो. बंद करा, थोडं थांबा, चालू करा. लिंक येते, काम सुरू होतं, फोन ठेवला जातो. काही दिवसांनी तोच फोन. असं तीन-चार वेळा झालं की कुणीतरी वैतागून राउटरच बदलतो. नवा राउटरही काही दिवसांनी ‘जातो’, आणि मग राउटरवाले लाइनवाल्यांकडे बोट दाखवतात, लाइनवाले राउटरवाल्यांकडे.

वारंवार होणाऱ्या अशा बिघाडात राउटर दोषी निघण्याची शक्यता लोक समजतात त्याहून बरीच कमी असते. आणि ज्या रीस्टार्टमुळे लिंक परत येते, तोच रीस्टार्ट खऱ्या दोषीचा पुरावा पुसून टाकतो. म्हणून हा बिघाड महिनोन् महिने सापडत नाही.

सिरियल लिंक म्हणजे काय, आणि ती अजून आहे कुठे?

राउटर म्हणजे दोन नेटवर्कांच्या मध्ये बसून कुठलं पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा गठ्ठा, कुठे पाठवायचं ते ठरवणारं यंत्र. दोन लांबच्या राउटरांमध्ये एकामागून एक बिट पाठवणारी जी थेट जोडणी असते ती सिरियल लिंक. राउटरच्या सिरियल पोर्टमधून जाड केबल निघते, ती एका मोडेममध्ये जाते, आणि मोडेमपुढे भाड्याची लाइन सुरू होते. पलीकडच्या टोकाला हीच मांडणी उलट क्रमाने. ई-वन प्रकारच्या लाइनचा वेग सेकंदाला २.०४८ मेगाबिट, उत्तर अमेरिकेतल्या टी-वनचा १.५४४ मेगाबिट. फायबरच्या काळात हे जुनाट वाटेल. पण वीज उपकेंद्रं, पाइपलाइनवरची पंपघरं, उपग्रह मोडेमवर चालणारी दूरची ठाणी अशा जागी ती अजून टिकून आहे, कारण तिथली यंत्रं बदलणं हे नुसता राउटर बदलण्याइतकं सोपं नसतं.

सिरियल लिंकचं सगळं गणित तालावर चालतं. बांधकामावर खालचा गडी वीट वर फेकतो आणि वरचा ती झेलतो, तसं. दोघांचा ताल एक असेल तर वरच्याला खाली बघावंही लागत नाही. ताल थोडा जरी हुकला तरी वीट चांगली, गडीही चांगला, पण झेल सुटतो. सिरियल लिंकवर हा ताल देणाऱ्या संकेताला क्लॉक म्हणतात. साधारणपणे तो लाइनकडून मोडेमला आणि मोडेमकडून राउटरला मिळतो. राउटर स्वतः ताल ठरवत नाही, हे लक्षात असू द्या.

पहिला प्रश्न: राउटर खरोखर बंद पडला होता का?

हा प्रश्न कुणी विचारतच नाही. ‘नेट नाही’ म्हणजे ‘राउटर गेला’ असं धरून चालतात. राउटर किती वेळ सलग चालू आहे हे तो स्वतःच सांगतो. सिस्को या कंपनीच्या राउटरवर ‘शो व्हर्जन’ ही आज्ञा दिली की अपटाइम आणि मागच्या वेळी तो कशामुळे सुरू झाला ते कारण, दोन्ही दिसतात. अट एकच, ही आज्ञा कुणी बटण दाबायच्या आधी द्यायला हवी. अपटाइम अकरा आठवडे दिसत असेल, तर आज सकाळी राउटर पडलेला नाही, लिंक पडली आहे. अपटाइम वीस मिनिटं असेल आणि कारणाच्या जागी ‘पॉवर-ऑन’ असेल, तर वीज गेली होती. मग इन्व्हर्टर, प्लग आणि पॉवर सप्लाय बघा. ‘बस एरर’ किंवा ‘सॉफ्टवेअर फोर्स्ड क्रॅश’ असं काही दिसलं, तरच राउटरवर संशय घ्यायला जागा आहे.

दुसरी गोष्ट लॉगची, म्हणजे राउटर स्वतः लिहितो त्या घटनांच्या नोंदींची. ठरवून वेगळी सोय केलेली नसेल तर हा लॉग राउटरच्या चालू मेमरीत असतो. वीज काढली की तो गेला. म्हणून लॉग दुसऱ्या एखाद्या संगणकावर पाठवत राहायचं, आणि राउटरचं घड्याळ नेटवर्कवरून बरोबर ठेवायचं. ज्या राउटरात बॅटरीवरचं घड्याळ नसतं, तो सुरू झाल्यावर १ मार्च ही तारीख धरून बसतो. पावसाळ्यातल्या बिघाडाच्या नोंदीवर ‘मार्च १’ लिहिलेलं पाहून माणसं चक्रावतात. नोंद खोटी नसते, कुणी घड्याळ लावलेलं नसतं एवढंच.

‘पण रीस्टार्ट केल्यावर चालू होतं ना? म्हणजे दोष राउटरचाच!’

हा सगळ्यात जोरदार आक्षेप, आणि वरवर बिनतोड. पण राउटर बंद केल्यावर बाकीच्या साखळीचं काय होतं ते बघा. केबलमधून मोडेमला ‘मी तयार आहे’ असा एक संकेत सतत जात असतो, तो तुटतो. बऱ्याच मोडेमना एवढं पुरतं. ते लाइनशी ताल पुन्हा जुळवायला घेतात. दोन टोकांमधली बोलणी, म्हणजे कुठल्या पद्धतीने पॅकेट बांधायचं वगैरे, पहिल्यापासून सुरू होतात. पलीकडचा राउटरही आपली बाजू नव्याने मांडतो. म्हणजे तुम्ही रीस्टार्ट केला एक, आणि ताजंतवानं झालं सगळं. यातलं नेमकं कशामुळे काम झालं हे रीस्टार्टवरून कळायला मार्गच नाही.

त्यापेक्षा पुढच्या वेळी राउटर चालू ठेवून फक्त तो सिरियल पोर्ट बंद-चालू करा. सिस्कोच्या भाषेत ‘शट, नो शट’. त्याने लिंक आली तर राउटरची मेमरी आणि प्रोसेसर यांच्यावरचा संशय बराच उतरतो, कारण त्यांना तर तुम्ही हातही लावलेला नाही. त्याच्या पुढच्या वेळी पोर्टला हात न लावता नुसता मोडेम बंद-चालू करा. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. केंद्रावरचे लोक कुरकुरतील, त्यांना लिंक लगेच हवी असते. पण ही चार-पाच मिनिटं घेतली नाहीत तर महिन्याभराने पुन्हा त्याच जागी यावं लागतं.

एका ओळीत दोन बातम्या

पोर्टची स्थिती विचारली की राउटर एका ओळीत उत्तर देतो: ‘सिरियल इज अप, लाइन प्रोटोकॉल इज डाउन’. या दोन वेगळ्या बातम्या आहेत. पहिला भाग तारेचा. मोडेमकडून ‘लाइनवर संकेत आहे’ असा इशारा येतो की नाही, तो. याला कॅरिअर म्हणतात. दुसरा भाग बोलण्याचा. पलीकडचा राउटर उत्तर देतोय की नाही, तो.

दोन्ही डाउन असतील तर केबल, मोडेम किंवा लाइन. पहिला अप आणि दुसरा डाउन असेल तर तार जिवंत आहे पण संभाषण बंद आहे. अशा वेळी ताल, पलीकडचा राउटर किंवा दोन टोकांना वेगवेगळी लावलेली पॅकेट बांधायची पद्धत यांच्याकडे वळायचं. सिस्कोची एचडीएलसी ही पद्धत तिची स्वतःची आहे, दुसऱ्या बनावटीच्या राउटरला ती समजेलच असं नाही. दोन बनावटींच्या मध्ये पीपीपी ही सर्वांना खुली पद्धत लावावी. ‘अप, लूप्ड’ दिसलं तर तुमचंच बोलणं तुमच्याकडे परत येतंय. बहुधा कुणीतरी चाचणीसाठी लाइन वळवली आणि सोडवायला विसरला.

पलीकडचा जिवंत आहे हे राउटरला कळतं ते कीपअलाइव्हमुळे. हे एक इवलंसं पॅकेट, सिस्कोवर दर १० सेकंदांनी जातं. लागोपाठ तीन चुकले की राउटर लाइन प्रोटोकॉल डाउन ठरवतो. ‘अधूनमधून पडते’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा या तीनच्या नियमात असतं. समजा, एक ढिला कनेक्टर आहे आणि त्यामुळे लाइन एकूण वेळेच्या २ टक्के वेळ, क्षणाक्षणाच्या तुकड्यांत, खराब होते. एक कीपअलाइव्ह चुकण्याची शक्यता ५० मध्ये १. सलग तीन चुकण्याची सव्वा लाखात १. दिवसात असे ८,६४० कीपअलाइव्ह जातात. म्हणजे लिंक पडेल सुमारे पंधरा दिवसांतून एकदा. हिशेब ढोबळ आहे, प्रत्यक्षात चुका घोळक्याने येतात. पण यातून दिसतं ते असं, की पंधरा दिवसांतून एकदा काहीतरी घडतं हा आपला समज चुकीचा असू शकतो. लाइन रोज, दर तासाला खराब होत असते. मधल्या काळात पॅकेट पुन्हा पाठवून काम निभावलं जातं, आणि लोक म्हणतात ‘आज जरा स्लो आहे’.

कीपअलाइव्हचं अंतरही दोन्ही टोकांना सारखं हवं. एका टोकाला १० आणि दुसऱ्याला त्याच्या कितीतरी पट ठेवलं, तर तारेत काहीही दोष नसताना लिंक चढत-उतरत राहते.

आकडे काय सांगतात

म्हणजे बिघाडाची वाट बघत बसायची गरज नाही. पोर्टवरचे आकडे आजच्या आज बोलतात. आधी ते शून्यावर आणायचे, नाहीतर तीन वर्षांपूर्वीच्या चुका आजच्या समजून बसाल. मग आठवडाभर दर काही मिनिटांनी कुठेतरी टिपत राहायचं.

समजा, आठवड्यानंतर असं दिसलं: आलेली पॅकेटं ४१ लाख, सीआरसी चुका ५९८, अबॉर्ट २०७, कॅरिअर ट्रान्झिशन २, आउटपुट ड्रॉप ०. सीआरसी म्हणजे पॅकेटाच्या शेवटी जोडलेली बेरीज जुळली नाही, वाटेत बिट बदलले. अबॉर्ट म्हणजे जिथे येऊच नये अशी सलग १ची रांग आली. पाठवणारा राउटर पाच वेळा १ आला की मुद्दाम एक ० घुसवतो, त्यामुळे डेटात सलग सात १ दिसायलाच नकोत. दिसले तर बहुधा ताल चुकतोय आणि बिट भलत्याच वेळी वाचले जाताहेत. कॅरिअर आठवड्यात दोनदाच हललाय, म्हणजे लाइन तुटत नाहीये. हा सगळा पट क्लॉककडे बोट दाखवतो.

उलट कॅरिअर ट्रान्झिशन शेकड्यांनी वाढत असते, तर लाइन, जोड किंवा मोडेमची वीज बघितली असती. नुसते आउटपुट ड्रॉप, म्हणजे पाठवायला जागा न मिळाल्याने टाकून दिलेली पॅकेटं, वाढत असतील तर बिघाडच नाही, लिंक कमी पडतेय. प्रमाण म्हणाल, तर चुका आलेल्या पॅकेटांच्या १ टक्क्याच्या वर गेल्या की बघायला घ्यावं असा संकेत आहे. माझ्या मते तोही फार उदार आहे. चांगल्या लाइनवर हा आकडा शून्याच्या जवळ राहतो आणि रोज वाढत नाही.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. या चुका फक्त येणाऱ्या दिशेच्या असतात. तुमच्या टोकाला सगळं स्वच्छ आणि पलीकडे सीआरसी साचलेत, तर तुमच्याकडून जाणारी दिशा बिघडली आहे. एकाच टोकाचे आकडे बघून काढलेला निष्कर्ष अर्धाच असतो.

ताल चुकतो तो कसा

क्लॉकचा गोंधळ दोन प्रकारचा. पहिला, दोन टोकांना दोन वेगळी घड्याळं. ई-वनमध्ये प्रत्येक घड्याळाला दशलक्षात ५० भाग इतकी चूक माफ असते. दोघांत तेवढा फरक पडला, तर दर अडीच सेकंदांनी १२५ मायक्रोसेकंदांची एक अख्खी चौकट, म्हणजे बिटांचा ठरलेल्या मापाचा गट, गळते किंवा दोनदा वाचली जाते. फरक दशलक्षात १ भाग असला तरी साधारण दोन मिनिटांनी एकदा हे होतंच. खालचा गडी किंचित जलद फेकतोय, आणि ठरावीक वेळाने एक वीट सुटतेय. घड्याळाचा स्फटिक तापमानाप्रमाणे थोडा सरकतो, म्हणून दुपारी चुका जास्त आणि पहाटे कमी असं चित्रही दिसतं, आणि माणसं राउटरला पंखा लावतात. उपाय वेगळा आहे: ताल एकाच ठिकाणून घ्यायचा. लाइन देणाऱ्याचा क्लॉक असेल तर दोन्ही टोकांनी तो घ्यावा. मध्ये नुसतीच तार असेल, तर एका टोकाने ताल द्यावा आणि दुसऱ्याने घ्यावा. दोघेही ‘लाइनवरून घे’ म्हणून बसले तर दोघे एकमेकांच्या मागे भरकटत जातात.

दुसरा प्रकार गमतीचा आहे, कारण तो लिंकचा वेग वाढवल्यावर उगवतो. मोडेम राउटरला ताल देतो, राउटर त्या तालावर बिट परत पाठवतो. ताल जायला आणि बिट यायला वेळ लागतो, केबलच्या दर मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद. १५ मीटरची केबल असेल तर जाऊन-येऊन १५०, वर दोन्हीकडच्या सर्किटांचा उशीर. ६४ किलोबिटच्या लाइनवर एक बिट १५,६२५ नॅनोसेकंद टिकतो, तिथे हा उशीर कुणाच्या गावीही नसतो. २.०४८ मेगाबिटवर बिट उरतो ४८८ नॅनोसेकंदांचा, आणि मोडेम तो मधोमध वाचतो. म्हणजे हाताशी सवड अडीचशेच्या आतच. तीच केबल, तोच राउटर, वर्षानुवर्षं चाललेले, आणि लाइनचा वेग वाढवल्याबरोबर पलीकडच्या टोकाला सीआरसी. केबल आखूड करा, किंवा राउटरने बिटांबरोबर तालही परत पाठवावा अशी सेटिंग मोडेमवर लावा, किंवा पोर्टवर पाठवायचा क्लॉक उलटा करा. मोडेम आणि राउटर यांपैकी जे जमेल ते एकच करा. दोन्हीकडे एकदम हात घातला तर गुंता वाढतो.

‘पिंग तर व्यवस्थित जातोय’

पिंग म्हणजे पलीकडच्याला पाठवून त्याचं उत्तर येतं का ते बघायचं चाचणीचं पॅकेट. नेहमीचा पिंग शंभरेक बाइटचा आणि ठरलेल्या मजकुराचा असतो. त्याने लाइन जिवंत आहे एवढंच कळतं. मोठा, १,५०० बाइटचा पिंग हजार वेळा पाठवा, आणि आतला मजकूरही बदला: एकदा सगळे शून्य, एकदा सगळे एक, एकदा आलटून-पालटून.

सगळ्या शून्यांची चाचणी मुद्दाम करायची, कारण तिथे एक विचित्र दोष लपतो. लाइनवर १ म्हणजे विद्युत ठोका आणि ० म्हणजे शांतता. बराच वेळ शून्यच आले तर ठोके नाहीत, आणि ठोके नाहीत तर पलीकडच्याला ताल पकडायला काही नाही. यावर तोड म्हणून ई-वनमध्ये एचडीबी-थ्री ही पद्धत आहे, ती चार शून्यांच्या जागी ओळखता येईल असे ठोके घालते. पण साखळीतलं एखादं यंत्र जुन्या एएमआय पद्धतीवर राहून गेलं असेल, तर लांब शून्यांची एखादी फाइल जाताना लिंक कोसळते. बाकी दिवसभर उत्तम. ‘रात्रीचा बॅकअप सुरू झाला की राउटर बसतो’ या तक्रारीमागे कधी कधी हेच निघतं. बॅकअपच्या फाइलीत शून्यांची रांग हवी तेवढी सापडते.

‘लाइनवाले म्हणतात लाइन स्वच्छ आहे’

ते बहुतेक वेळा खरंच बोलत असतात. त्यांनी भर दुपारी पाच मिनिटं तपासली, तेव्हा ती स्वच्छ होती. प्रश्न त्या पाच मिनिटांचा नाही. शिवाय त्यांची चाचणी कुठून कुठपर्यंत झाली हेही विचारावं. तुमची केबल आणि तुमचा पोर्ट तिच्यात नसतातच.

हद्द ठरवायला लूप चाचणी करतात. साखळीत एका जागी लाइन वळवायची, म्हणजे पाठवलेलं तिथूनच परत येतं. आधी आपल्याच मोडेमवर, राउटरच्या बाजूला. इथे चुका दिसल्या तर दोष पोर्ट, केबल किंवा मोडेममध्ये, लाइनचा संबंध नाही. इथे स्वच्छ आलं तर पलीकडच्या मोडेमवर वळवा. पहिला लूप तासभर स्वच्छ आणि दुसऱ्यात चुका, तर दोष मधल्या लाइनमध्ये किंवा त्या मोडेममध्ये. पीपीपी चालू असेल तर चाचणीपुरतं एचडीएलसी लावा. पीपीपी स्वतःचाच आवाज ओळखतो आणि लिंक उभीच करत नाही, मग लोक समजतात चाचणी नापास झाली.

आणि राउटरच दोषी असेल तर?

असतोही. त्याची खूण वेगळी. मोकळी मेमरी आठवड्याआठवड्याने उतरत जाते, परत वर येत नाही, आणि तळाला लागली की राउटर मेमरी मिळत नसल्याची नोंद करून गप्प होतो. हा बिघाड रीस्टार्टपासून साधारण ठरलेल्या अंतराने येतो, आणि एकट्या सिरियल पोर्टवर थांबत नाही, स्थानिक नेटवर्कही लटकतं. उपाय म्हणजे सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलणं. तेच सॉफ्टवेअर असलेला नवा राउटर आणून फरक पडणार नाही. फक्त एकच पोर्ट त्रास देत असेल तर केबल शेजारच्या पोर्टला लावून बघा. चुका पोर्टबरोबर मागे राहिल्या की केबलबरोबर पुढे आल्या, त्यावरून निकाल लागतो.

दुरुस्ती झाली असं कधी म्हणायचं

लाइनवाल्यांकडे तक्रार करताना ‘लिंक वारंवार पडते’ एवढंच लिहिलं तर तीच पाच मिनिटांची चाचणी पुन्हा होईल. ‘दोन्ही राउटरांचा अपटाइम अखंड, कॅरिअर स्थिर, आमच्या मोडेमवरचा लूप तासभर स्वच्छ, दूरच्या मोडेमवरच्या लूपमध्ये चुका, सोबत वेळेनुसार नोंद’ असं लिहिलं की कागद योग्य टेबलावर जातो.

काम झाल्यावर दोन्ही टोकांचे आकडे शून्यावर आणा. लिंक पंधरा दिवसांतून एकदा पडत होती, तर चार दिवस शांत गेले यावरून काहीच कळत नाही, काही न करताही ते शांतच गेले असते. खराब वेळ २ टक्क्यांवरून १ वर आली, तरी वरच्याच हिशेबाने लिंक पडण्याचं अंतर पंधरा दिवसांवरून जवळजवळ चार महिन्यांवर जातं, आणि दोष तिथेच असतो. म्हणून पडझड मोजू नका, सीआरसी मोजा. दुरुस्तीनंतर तो आकडा दोन्ही टोकांना हलला नाही तर काम झालं. रोज थोडा थोडा वाढतोय, तर तक्रार बंद करायची सही देऊ नका.